नाणेघाटाच्या पायथ्याशीं इजिप्त

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्यें राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें समुद्रव्यापाराची एक माहितीवजा पोथी लिहून ठेविली. लेखकाचें नांव कोणासच ठाऊक नाहीं. पोथी मात्र ‘पेरिप्लस’ या नांवानें जगप्रसिद्ध आहे. तांबड्या समुद्रावरील बंदरांतून केव्हां निघावें, कोणत्या बंदरांत कोणता माल खपतो, परत येतांना काय भरून आणावें, हें सर्व त्यानें पक्क्या व्यापाऱ्याच्या थोडक्या शब्दांत सांगितलें आहे. त्याच्या यादींत सुप्पारा म्हणजे सोपारें आहे, कल्लियेना म्हणजे कल्याण आहे, आणि घाटापलीकडील पैठण व तगर, म्हणजे आजचें तेर, हींहि गांवें आहेत. कल्याणविषयीं तर त्यानें एक तक्रारच नोंदविली आहे. थोरल्या सरगनसाच्या अमदानींत हें बंदर रीतसर खुलें होतें. पुढें तें संदनेसाच्या हातीं गेल्यावर तेथें चुकून शिरलेल्या ग्रीक गलबतांस पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलें. हा सरगनस म्हणजे कोणी सातकर्णि राजा असावा, असें पंडित मानतात.

कल्याणपासून मुरबाड आठनऊ कोसांवर आहे. शहापूरहि त्याहून फारसें लांब नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या इजिप्तमधील व्यापाऱ्याला कल्याण ठाऊक होतें. कल्याणच्या पाठीशीं, सह्याद्रीच्या कुशींत वाढणाऱ्या आजच्या मुलाला इजिप्त कितपत ठाऊक आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर फार समाधानकारक येत नाहीं. पिरॅमिड, ममी, नाईल आणि फॅरो हे चार शब्द त्याला पाठ असतात. परीक्षेंत जोड्या लावण्यापुरते ते उपयोगी पडतात आणि परीक्षा संपतांच विरून जातात. इजिप्त म्हणजे पुस्तकाच्या पानावरचें एक पिवळें त्रिकोणी चित्र. आपल्या गांवाशीं, आपल्या नदीशीं, आपल्या बापजाद्यांच्या कष्टांशीं त्याचा कांहीं संबंध असेल, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें उत्तम साधन म्हणजे वस्तुसंग्रहालय. मुलगा जें कानानें ऐकतो तें विसरतो. जें डोळ्यांनीं पाहतो तें कांहीं दिवस ध्यानांत ठेवतो. पण जें स्वतःच्या हातानें करतो तें त्याचें होतें. खास मुलांसाठीं संग्रहालय असावें, या विचारानें अमेरिकेंतील ब्रुकलिन येथें १८९९ सालीं पहिलें बालसंग्रहालय उघडलें. इकडे महाराष्ट्राशीं निकटचा संबंध असलेल्या बडोदें संस्थानांत सयाजीराव गायकवाडांनीं प्रजेच्या शिक्षणासाठीं उभारलेल्या संग्रहालयांत इजिप्तची एक ममी आणून ठेविली. कलकत्ता, हैदराबाद व जयपूर येथील संग्रहालयांतहि ममी आहेत. मुंबईचें ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ १९२२ सालच्या जानेवारींत लोकांस खुलें झालें, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हॉवर्ड कार्टर यास इजिप्तमध्यें तूतनखामेन या बालराजाची कबर सांपडली. हा केवळ योगायोग. परंतु पुढें त्याच संग्रहालयानें, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें, महाराष्ट्रांतील मुलांना इजिप्तची ओळख करून देण्याचें काम अंगावर घेतलें.

२०१२ सालच्या नोव्हेंबरांत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून नेस्पेरेन्नुब नांवाच्या एका पुजाऱ्याची ममी मुंबईस आली आणि २०१३ च्या मार्चपर्यंत तेथें राहिली. हा पुजारी इसवी सनापूर्वीं सुमारें ८०० वर्षें कर्नाक येथें खोन्सु देवाच्या सेवेंत होता. त्याच्या अंगावरची एकहि पट्टी न सोडतां शास्त्रज्ञांनीं क्ष-किरणांच्या यंत्रानें शरीराच्या आंतील चित्रें घेतलीं. तेव्हां त्याच्या डोक्याला मातीचा एक वाडगा चिकटलेला आढळला. प्रेत तयार करणाऱ्या कारागिरांनीं ओघळणारी राळ धरण्यासाठीं वाडगा ठेविला असावा, राळ थिजली असावी, वाडगा निघेना म्हणून तो तसाच पट्ट्यांत गुंडाळला असावा, असा तर्क आहे. तीन सहस्र वर्षांपूर्वींचा कारागीरहि चुकत होता आणि चूक झांकीत होता, हें कळतांच मुलांच्या मनांतील इजिप्त एकदम माणसांचें होतें. राजांच्या वंशावळीनें जें साधत नाहीं तें एका मातीच्या वाडग्यानें साधतें.

त्यानंतर याच संग्रहालयानें २०१५ सालीं एक बस सजवून फिरतें संग्रहालय शाळांकडे धाडण्यास प्रारंभ केला. २०१९ सालीं आपल्या आवारांत बालसंग्रहालय उघडलें. २०२३-२४ सालीं भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस व रोम येथील प्राचीन शिल्पें एका दालनांत शेजारीं शेजारीं मांडलीं. आणि २०२५ च्या डिसेंबरांत भारत व प्राचीन जग यांचे परस्परसंबंध दाखविणारें अभ्यासदालन सुरू केलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत इजिप्तमध्यें गिझाच्या पिरॅमिडांजवळ एका भव्य नव्या संग्रहालयाचें उद्घाटन झालें.

मुंबई मात्र मुंबईंत आहे. शहापूरच्या मुलास आसनगांवची गाडी तरी आहे. मुरबाडच्या मुलास एस.टी.नें आधीं कल्याण गांठावें लागतें. डोंगराच्या कडेच्या ठाकूरवाडींतून किंवा कातकरीवाडींतून निघणाऱ्या मुलाची कथाच वेगळी. सहलीचें भाडें, एक दिवसाचा बुडालेला रोजगार आणि घरीं लहान भावंडास सांभाळणारें कोणी नसणें, इतक्या अडचणी ओलांडून जो मुलगा संग्रहालयाच्या घुमटाखालीं पोहोंचतो तो भाग्यवानच म्हणावयाचा. तेव्हां जीं मुलें तेथवर जाऊं शकत नाहींत त्यांच्यापर्यंत संग्रहालयाची रीत कशी न्यावी, हा खरा प्रश्न आहे. येथें ‘रीत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संग्रहालयाची इमारत उचलून नेतां येत नाहीं. तिच्यांत मुलांकडून जे उद्योग करवितात ते मात्र कोणत्याहि पडवींत करतां येतात, आणि त्यांना लागणारें बरेंचसें सामान या दोन तालुक्यांत आधींच हजर आहे.

प्रथम नदीचाच उद्योग घ्यावा. नाईल नदीला दरवर्षीं उन्हाळ्याच्या अखेरीस पूर येत असे, आणि त्या पुराचें पाणी मुख्यतः इथिओपियाच्या डोंगरांवर पडणाऱ्या मोसमी पावसाचें असे. म्हणजे काळू, शाई, भातसा या नद्या ज्या महिन्यांत दुथडी वाहतात, साधारणतः त्याच महिन्यांत तिकडे नाईल चढूं लागे. इजिप्तच्या लोकांनीं वर्षाचे तीन ऋतु केले होते: पुराचा, पेरणी-उगवणीचा आणि कापणीचा. पावसाळा, हिवाळा व उन्हाळा हे तीन ऋतु जगणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हें समजावून सांगावें लागत नाहीं. पुराची उंची मोजण्यासाठीं नदीकांठीं दगडी पायऱ्यांवर खुणा कोरलेल्या असत. पाणी कमी चढलें तर दुष्काळ, फार चढलें तर गांवें वाहून जात, आणि बेताचें चढलें तर पीक उत्तम. त्या अंदाजावर सरकारचा सारा ठरे. मुलांनीं शाळेच्या विहिरींत खुणांची काठी सोडून आषाढापासून आश्विनापर्यंत दर आठवड्यास पाण्याची पातळी मांडावी आणि तिचा आलेख भिंतीवर लावावा. चार महिन्यांनीं नाईलच्या कांठचा कारकून काय करीत होता, हें त्यांना कोणत्याहि व्याख्यानाशिवाय कळेल. १९७० सालीं आस्वानचें मोठें धरण पुरें झाल्यापासून इजिप्तमध्यें तो वार्षिक पूर येत नाहीं, हेंहि सांगावें. मुंबईच्या पाण्यासाठीं १८९२ सालीं तयार झालेला तानसा तलाव शहापूर तालुक्यांत आहे, भातसा धरणहि याच तालुक्यांत आहे. नदी अडविल्यानें कोणास काय मिळतें आणि कोणाचें काय जातें, हा प्रश्न येथील मुलांना नवा नाहीं.

दुसरा उद्योग मिठाचा. ममी करण्याची विद्या म्हणजे मुख्यतः वाळविण्याची विद्या. वाळवंटांतील सरोवरांच्या कांठीं मिळणारा नेट्रन नांवाचा खार प्रेताभोंवतीं भरून शरीरांतील पाणी शोषून घेत. मग राळ व तेलें लावून तागाच्या पट्ट्या गुंडाळीत. सर्व विधीस सत्तर दिवस लागत. पेरूच्या समान वजनाच्या तीन फोडी घ्याव्या. एक उघडी ठेवावी, एक मिठांत पुरावी आणि एक मीठ व खाण्याचा सोडा यांच्या मिश्रणांत पुरावी. रोज तराजूनें वजन करून वहींत लिहावें. आठ दिवसांनीं कोणती कुजली, कोणती सुकली आणि कोणती किती हलकी झाली, हें मुलें स्वतःच सांगतील. ज्यांच्या घरीं पावसाळ्याच्या बेगमीला सुके बोंबील आणि सुकट भरून ठेवितात त्यांना मीठ व ऊन यांचा पराक्रम ठाऊकच आहे; तेंच ज्ञान एका राष्ट्रानें मृतांसाठीं वापरलें, एवढेंच नवें.

परंतु येथें शिक्षकानें एक गोष्ट विसरूं नये. ममी म्हणजे खेळणें नव्हे. तें एका माणसाचें शरीर आहे. त्याला आई होती, त्याच्यासाठीं कोणी रडलें होतें. आपल्या गांवच्या स्मशानांतून कोणाचें प्रेत काढून परमुलखांत कांचेच्या पेटींत मांडलें तर आपणांस काय वाटेल, हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा आणि त्यांना मोकळेपणानें बोलूं द्यावें. कोणी म्हणेल, ज्ञानासाठीं पाहण्यास हरकत नाहीं. कोणी म्हणेल, त्यास त्याच्या भूमींत परत न्यावें. हा वाद जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांतहि चालू आहे. उत्तर एकच नसतें, हें शिकणें हाहि इतिहासाचाच धडा आहे.

तिसरा उद्योग न्यायाच्या तराजूचा. इजिप्तच्या लोकांची अशी श्रद्धा होती कीं मेल्यावर माणसाचें हृदय एका पारड्यांत आणि सत्याच्या देवीचें पीस दुसऱ्या पारड्यांत घालतात. हृदय पापानें जड झालें असेल तर एक विक्राळ प्राणी तें खाऊन टाकतो. म्हणून ममी करतांना मेंदू फेकून देत, पण हृदय जपून ठेवीत. त्या न्यायसभेंत मृतात्म्यानें आपण कोणतीं पापें केलीं नाहींत हें एकेक सांगावयाचें असे: चोरी केली नाहीं, खोटें माप दिलें नाहीं, कोणास उपाशी ठेविलें नाहीं. या यादींत वाहतें पाणी त्याच्या हंगामांत अडविलें नाहीं, असेंहि एक कलम आहे. मुलांनीं ही न्यायसभा नाटकरूपानें करावी आणि आपल्या गांवाला शोभेल अशी यादी स्वतः लिहावी. ज्या तालुक्यांतील पाणी नळांनीं महानगरास जातें आणि ज्याच्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलें पाण्याच्या कलमापाशीं थबकल्यावांचून राहणार नाहींत. तीन सहस्र वर्षांपूर्वींचा धर्मविचार असा अचानक आजचा होतो.

चौथा उद्योग विटांचा, आणि तो या भागांत सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पिरॅमिड दगडाचे हें खरें. पण इजिप्तमधील घरें, कोठारें, भिंती, राजवाडेसुद्धां बहुतांशीं मातीच्या विटांचे असत. थीब्स येथें रेखमिरे नांवाच्या प्रधानाची कबर आहे. ती इसवी सनापूर्वींच्या पंधराव्या शतकांतली. तिच्या भिंतीवर वीट पाडण्याचें चित्र आहे. कोणी तळ्यांतून पाणी भरून आणतो, कोणी कुदळीनें माती मळतो, कोणी लांकडी साच्यांत ती थापून विटांच्या ओळी मांडतो आणि कोणी त्या वाहून नेतो. ठाणें जिल्ह्यांतील कितीतरी कातकरी कुटुंबें पावसाळा सरला कीं वीटभट्ट्यांवर जातात आणि मृग जवळ आल्यावर परततात. त्यांच्यामागें मुलेंहि जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नांवापुढें मोकळी जागा राहते. अशा मुलांसाठीं जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा भरविण्याचा प्रयोगहि झाला. भट्टीवर वाढलेल्या मुलापुढें रेखमिरेच्या कबरींतलें हें चित्र ठेविलें तर वर्गांतला सर्वांत जाणता तोच ठरेल. चिखल किती घट्ट असावा, साच्याला माती चिकटूं नये म्हणून काय करतात, विटा किती दिवस उन्हांत ठेवाव्या, हें तो शिक्षकासहि शिकवील. एरवीं मागच्या बाकावर मान खालीं घालून बसणारा मुलगा त्या दिवशीं पुढें उभा राहून बोलेल. संग्रहालयाच्या शिक्षणाचा याहून मोठा लाभ कोणता?

पिरॅमिडाचा विचारहि याच अंगानें करावा. खुफूचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वीं सुमारें २५६० च्या आसपासचा. त्याची एकेक बाजू सुमारें २३० मीटर आणि मूळ उंची सुमारें १४६ मीटर होती. दगड २० लाखांहून अधिक लागले असा हिशेब आहे. हें काम चाबकाखालीं राबणाऱ्या गुलामांनीं केलें, अशी समजूत फार दिवस चालत आली. परंतु गिझा येथें कामकऱ्यांची वस्ती, त्यांच्या भटारखान्यांच्या जागा आणि त्यांच्या स्वतःच्या कबरी सांपडल्या. हाडें जुळून आलेलीं, म्हणजे औषधोपचार झालेलीं, दिसलीं. २०१३ सालीं तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी अल-जर्फ येथें पपायरसाचे तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस आजवर जे सांपडले आहेत त्यांत हे सर्वांत जुने होत. त्यांतला एक म्हणजे मेरेर नांवाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्या टोळीनें तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड होडींत घालून गिझाला कसे पोंचविले, हें त्यानें दिवसवारीनें लिहून ठेविलें आहे. राजाचें नांव मोठ्या अक्षरांत कोरलेलें असतें. मुकादमाची नोंद कोपऱ्यांत पडून राहते. इतिहास दोहोंचा मिळून होतो. मुलांनीं शेतांत २३० मीटरांची एक बाजू पावलांनीं मोजावी, कोपऱ्यावर काठी रोवावी, आणि एक आठवडाभर घरच्या कामाची मेरेरसारखी रोजनिशी ठेवावी. आवणीच्या दिवसांत ती लिहिली तर मेरेरपेक्षां तिच्यांत मजकूर कमी भरणार नाहीं.

पांचवा उद्योग अक्षरांचा व आंकड्यांचा. आणि येथें मुरबाडच्या मुलांना जगांत फार थोड्यांना मिळालेली सोय आहे. कल्याणहून निघालेली जुनी व्यापारी वाट मुरबाडवरून वैशाखऱ्याजवळ नाणेघाटाच्या पायथ्याशीं येते आणि डोंगर चढून जुन्नरकडे उतरते. घाटाच्या माथ्यावर सातवाहनांनीं खोदविलेलें लेणें आहे. तेथें राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यांत केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणीं, आणि तींहि शेंकड्यांनीं व हजारांनीं. हिंदुस्थानांतील अंकलेखनाच्या अगदीं जुन्या नमुन्यांत या लेखांतील आंकडे मोडतात. इजिप्तच्या आंकड्यांप्रमाणेंच यांनाहि शून्य ठाऊक नाहीं, आणि दोन्हीकडे मोजणी दहाच्या पटीनें चालते.

इजिप्तमध्यें एकासाठीं उभी रेघ, दहासाठीं कमान, शंभरासाठीं दोराचें वेटोळें, हजारासाठीं कमळ, दहा हजारांसाठीं बोट, लाखासाठीं बेडकाचें पिल्लूं आणि दहा लाखांसाठीं हात वर केलेला देव काढीत. दहा लाख हा आंकडा पाहून देवानेंहि हात टेकले, असें मुलांना वाटतें आणि तीं मनमुराद हंसतात. शाळेचा पट २३४ असेल तर दोन वेटोळीं, तीन कमानी व चार रेघा काढाव्या. मग नाणेघाटांतील आंकड्यांचा ठसा शेजारीं मांडावा आणि तिसरीकडे आपले आजचे आंकडे लिहावे. शून्यानें केवढी सोय झाली, हें तीन ओळींत दिसतें. लिपींची कथाहि अशीच जोडून सांगतां येते. इजिप्तची चित्रलिपि शेंकडों वर्षें कोणास वाचतां येत नव्हती. १७९९ सालीं रोझेटा येथें तीन लिप्यांत कोरलेला दगड मिळाला आणि १८२२ सालीं शांपोलियों यानें ती लिपि उलगडली. इकडे ब्राह्मी लिपि १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें वाचली. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या पंडितांनीं नाणेघाटाचा लेख उजेडांत आणिला. म्हणजे दोन्ही देशांतील मुके दगड जवळजवळ एकाच काळीं बोलूं लागले.

सहावा उद्योग व्यापाराच्या वाटेचा. भिंतीवर नकाशा टांगावा आणि दोरा घेऊन बसावें. पैठणाहून निघालेला दोरा जुन्नर, नाणेघाट, मुरबाड, कल्याण असा समुद्रापर्यंत आणावा. शहापूरवरून थळघाटानें नाशिककडे जाणारी दुसरी वाटहि दाखवावी. समुद्रांत मोसमी वाऱ्याची दिशा बाणानें काढावी. इजिप्तचीं गलबतें सामान्यतः जुलैच्या सुमारास निघत आणि वारा फिरल्यावर हिवाळ्याच्या तोंडीं परतत. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरापासून माल उंटांवर लादून बारा दिवसांत नाईलकांठच्या कोप्टोसला नेत, आणि तेथून नदीनें अलेक्झांड्रियास. स्ट्राबो या भूगोलकारानें आपल्या वेळीं मायोस होर्मोस येथून दरसाल १२० गलबतें हिंदुस्थानाकडे जातात असें लिहून ठेविलें आहे.

बेरेनिके येथें १९९४ सालापासून उत्खनन सुरू झालें. तेथील देवळाच्या आवारांत हिंदुस्थानी बनावटीच्या रांजणांत साडेसात किलो काळीं मिरीं भरलेलीं सांपडलीं. हिंदुस्थानी सुती कापडाचे तुकडे मिळाले. सागवानाचें लांकूड मिळालें. २०२२ सालीं तेथें संगमरवरी बुद्धमूर्ति मिळाली आणि सातवाहनांचीं नाणींहि निघालीं. मिरीं मलबाराकडचीं, हें खरें. पण ज्या सातवाहनांच्या राणीचा लेख नाणेघाटांत आहे त्यांचीं नाणीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालीं, ही गोष्ट मुरबाडच्या मुलाला ऐकवून पाहावी. सागवानाचें तर काय सांगावें! शहापूर-मुरबाडच्या रानांत सागाचें पान मुलांच्या रोजच्या ओळखीचें. बेरेनिकेचें लांकूड नेमकें कोणत्या रानांतलें हें कोणी सांगूं शकणार नाहीं. पण त्या जातीचें झाड इजिप्तमध्यें उगवत नाहीं आणि येथें दाराशीं उगवतें, एवढें कळलें तरी पुष्कळ झालें. नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे आणि त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत अशी लोकांची समजूत आहे. शाळेंतल्या एका माठाला तोच मान द्यावा. कांहीं मुलांनीं व्यापारी व्हावें, कांहींनीं जकातदार व्हावें, आणि कापूस, अकीक, मद्य, तांबें, कथील, पोंवळें यांच्या चिठ्ठ्या घेऊन वाट चालावी.

शेवटीं मुलांनीं आपलेंच एक लहान संग्रहालय मांडावें. इजिप्तच्या कबरींत धान्याच्या कोठाराच्या लहान प्रतिकृति ठेवीत. येथें कणगी आहे. तेथें मळणीचे बैल भिंतीवर रंगविलेले आहेत. येथें म्हशाच्या यात्रेंतील बैलबाजार आहे. जातें, उखळ, इरलें, पायली, भाताचें वाण, आजीचा चांदीचा दागिना, हें सर्व एका पडवींत मांडावें. प्रत्येक वस्तूपुढें चिठ्ठी असावी: वस्तूचें नांव काय, ती कोणी केली, कशाची केली, कोणी वापरली, आणि आतां वापरतात काय. वस्तूचें नांव मुलाच्या घरच्या बोलींतच लिहावें, मग ती ठाकरी असो, कातकरी असो कीं वारली. चिठ्ठी लिहितांना मुलास घरच्या वडीलधाऱ्यांकडे जावें लागतें. ज्या आजीला आजवर कोणी कांहीं विचारलें नव्हतें ती त्या दिवशीं इतिहासाची साक्षीदार होते.

नाणेघाटाच्या लेण्यांत एके काळीं सातवाहन राजकुलाच्या मूर्ति होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका व तिचा पति सातकर्णि, राजकुमार, आणि महारठी त्रणकयिर. आज मूर्ति नाहींत. कोठें पायांचे अवशेष तेवढे राहिले आहेत. वर कोरलेलीं नांवें मात्र शिल्लक आहेत. इजिप्तच्या लोकांना हें दृश्य फार बोललें असतें. त्यांची अशी श्रद्धा होती कीं माणसाचें नांव जोंवर उच्चारलें जातें तोंवर तो जिवंत राहतो, आणि नांव पुसलें कीं तो दुसऱ्यांदां मरतो. म्हणूनच ते राजाचें नांव दोराच्या लांबट वेढ्यांत लिहून जपत, आणि शत्रूला शिक्षा करावयाची तर भिंतीवरचें त्याचें नांव खरडून काढीत. आज पावसाळ्यांत घाट पाहावयास येणारे कांहीं हौशी लोक जुन्या दगडांवर स्वतःचीं नांवें कोरून जातात. त्यांना आवरावयास पाटी पुरत नाहीं आणि पहारेकरी सर्वत्र ठेवतां येत नाहीं. ज्या मुलानें आपल्या हातानें आपलें नांव इजिप्तच्या वेढ्यांत लिहिलें आहे, आणि नांवाचें मोल ज्याला कळलें आहे, तो मात्र त्या लेण्यांत उभा राहून कोणाच्याहि हातांतला खिळा खालीं ठेववील.

पैठणाहून कल्याणला आणि कल्याणहून तांबड्या समुद्राला जाणारी ती वाट या मुलांच्या दारावरून गेली होती. इजिप्त शिकविणें म्हणजे त्यांना परमुलखाची एक मौज दाखविणें नव्हे. त्यांच्या स्वतःच्या वाटेचें दुसरें टोंक त्यांच्या हातीं देणें होय.